फोटो नको, फंड हवा : वसईच्या कोळीवाड्यातलं एक प्रकरण

नाव, आळी, पॅरिश (म्हणजे एका चर्चखालचा भाग) सगळं गाळलंय आणि दोनचार खुणा मुद्दाम बदलल्यात, कारण वसईचा पश्चिम पट्टा केवढासा, अर्नाळ्यापासून पाचूबंदरपर्यंत कुणाच्या घरात काय चाललंय ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं असतं. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, त्यांनी फक्त ते स्वतःपाशी ठेवावं.

तर घर असं. नवरा पंचेचाळिशीतला, स्वतःची बोट नाही, दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. बायको सुकी मासळी घेऊन बाजारात बसते, बोंबील, सोडे, जवळा. मुलगी बारावीला, मुलगा नववीत, आणि म्हातारी सासू. घर मोठ्या दिरासोबत सामाईक, मधे भिंत घातलीय, चुली वेगळ्या झाल्यात, पण रेशनकार्ड एकच. हे रेशनकार्ड लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच अडलं. नवऱ्याला बरीच वर्षं शुगर आणि बीपी, गोळ्या घेतल्या तर घेतल्या, बोटीवर गेलं की राहिल्या. पाय सुजायला लागले तेव्हा म्हणे खाऱ्या पाण्याने होतं. मग एका रात्री दम लागला म्हणून नेलं तर दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितलं, आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास मशीनवर.

हे झालं मेच्या शेवटी. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, बोटी ओढून ताडपत्र्या घातलेल्या, खलाशाच्या घरात त्या दोन महिन्यांत एरवीही पैसा येत नाही, मालकाकडची उचल आणि बायकोची सुकी मासळी यावर पावसाळा काढतात. यंदाची उचल हॉस्पिटलच्या पहिल्याच बिलात संपली.

जूनमध्ये शेजारच्या आळीतल्या एका पोराने, पोरगा चांगला आहे हे आधीच सांगते, मोबाईलवर फोटो काढला आणि मेसेज केला. नवरा कॉटवर, नळ्या लावलेल्या, बायको उशाशी, मागे कोपऱ्यात मुलगी अर्धी दिसतेय. खाली 'आपल्या भावाला वाचवा', हॉस्पिटलचं नाव, आणि पैसे पाठवायला त्याचा स्वतःचाच नंबर. वसईचे लोक जगभर पसरलेत, कुणी गल्फमध्ये, कुणी जहाजावर, त्यामुळे तो मेसेज दोन दिवसांत कुठल्या कुठे गेला आणि पैसे धो धो आले. लाखाच्या वर. एवढं ऐकलं की वाटतं झालं की काम, अजून काय पाहिजे.

पण पुढचं बघा. पैसे आले ते त्या पोराच्या खात्यात. त्याने प्रामाणिकपणे घरी नेऊन दिले, पण टप्प्याटप्प्याने दिले, आणि हिशोब होता डोक्यात. तिसऱ्या आठवड्यात ग्रुपवर प्रश्न सुरू झाले, एकूण किती आले, किती दिले, माझे पाच हजार पोचले का. पोरगा बिचारा स्क्रीनशॉट टाकत बसला. कुणीतरी कायदा काढला, आणि तो कायदा खरंच आहे : चॅरिटीच्या नावाने लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात कलम ४१ क आहे, गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी काढतात ती त्याच कलमाखाली. पोराला हे माहीत असायचं कारण नव्हतं. तो घाबरला आणि ग्रुप सोडून गेला.

दुसरं म्हणजे पैसे आल्याची बातमी देणेकऱ्यांनाही गेलीच की. बोटमालक काही बोलला नाही, तो जुन्या वळणाचा माणूस. पण महिला गटामार्फत फायनान्स कंपनीचं कर्ज होतं त्याचा आठवड्याचा हप्ता थकलेला, गटातल्या बायका दारात आल्या, कारण एकीने नाही भरलं की सगळ्यांवर येतं. आणि तिसरा एक सावकार होता ज्याच्याबद्दल घरात कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं, तो पण आला. गोळा झालेल्या पैशातला मोठा भाग या दोघांकडे गेला, उरलेले खासगी डायलिसिसला, एका खेपेचे हजार-दीड हजार अशा हिशोबाने. ऑगस्ट लागायच्या आत सगळं संपलं, आणि डायलिसिस काही संपणारी गोष्ट नाही, ते जन्मभराचं. पुन्हा मेसेज केला तर कोण देणार, लोक म्हणतात आत्ताच तर दिले.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. मुलगी कॉलेजला जायची बंद झाली. चर्चमध्ये क्वायरला गायची तेही सोडलं. तिच्या वर्गातल्या एकीने तो फोटो स्टेटसला ठेवला होता, हात जोडलेल्या इमोजीसकट. वाईट हेतूने नाही, पण ठेवला.

इथे आमची एसव्हीपी आली, म्हणजे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ही फादर लोकांची संस्था नाही, प्रापंचिकांची आहे, नोकरीधंदा-घरसंसार करणाऱ्या साध्या लोकांची. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या कॉलेजच्या पोराने मित्रांना घेऊन सुरू केली, २३ एप्रिलला, त्याच दिवशी तो वीस वर्षांचा झाला. या पोरांना गरिबांच्या घरी कसं जायचं हेही ठाऊक नव्हतं, ते शिकवलं सिस्टर रोझाली रँद्यू यांनी, पॅरिसच्या एका कंगाल वस्तीत त्या काम करायच्या, त्यांनी घरांची यादी दिली आणि म्हणाल्या आधी जाऊन या. ओझानाम पुढे सोर्बोनला प्रोफेसर झाला, चाळिशीतच गेला, आणि १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. आज दीडशेच्या आसपास देशांत या संस्थेच्या शाखा आहेत, एकेका शाखेला कॉन्फरन्स म्हणतात. आमची कॉन्फरन्स म्हणजे एक रिटायर्ड मास्तर, बँकेतून निवृत्त झालेले एक अंकल जे खजिनदार, महिला मंडळातल्या दोघी आंटी, एक रिक्षावाला, एक नर्स, आणि मी मिनिट्स लिहिते. दर आठवड्याला बसतो, प्रार्थना होते, मग एक कापडी थैली फिरते, प्रत्येकाने मूठ बंद करून हात आत घालायचा. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणी काहीच नाही, कळत नाही आणि कळू द्यायचंही नाही.

पहिल्या मीटिंगला खडाजंगी झाली. रिक्षावाल्याचं म्हणणं, तुम्ही जूनमध्ये कुठे होतात, त्या पोराने निदान लाख रुपये उभे केले, आपण थैली फिरवत बसलो. खरं होतं, खजिनदारही गप्प झाले. मग मास्तरांनी शातियोंची गोष्ट सांगितली, ती प्रवचनात ऐकलेली होती पण या घराला लावून कधी ऐकली नव्हती. १६१७ मध्ये, ज्यांच्या नावाने आमची संस्था आहे ते व्हिन्सेंट डी पॉल स्वतः फ्रान्समधल्या शातियों नावाच्या गावात पॅरिश प्रीस्ट होते. एका रविवारी मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, आधी त्यांना कळलं की एका घरात सगळेच आजारी, पाणी द्यायला कुणी नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं आणि नंतर स्वतः तिकडे निघाले तर रस्त्यात बायकाच बायका, घेऊन जाणाऱ्या आणि देऊन परतणाऱ्या. घरात एवढं अन्न झालं की नासायची वेळ. व्हिन्सेंटच्या लक्षात आलं की आज हे घर खाऊन दमेल आणि चार दिवसांनी परत उपाशी. मग काही दिवसांतच त्या बायकांना एकत्र बसवून पाळ्या लावून दिल्या, आज हिची, उद्या तिची. त्यांचं पुढचं सगळं काम त्या पाळ्यांतून उभं राहिलं. मास्तर म्हणाले, चारशे वर्षांपूर्वी जे अन्नाचं झालं तेच आपल्याकडे जूनमध्ये पैशाचं झालं, माणसं वाईट नव्हती, पाळ्या नव्हत्या. रिक्षावाला म्हणाला ठीक आहे, मग पहिली पाळी माझी.

आमच्यात घरी जायचं ते जोडीने, एकट्याने नाही, हा नियम जुना आणि शहाणपणाचा. एक आंटी आणि रिक्षावाला गेले. दारातच सासूने अडवलं, "फोटू काराचा आसंल त मी घरान नाय." आंटींनी पर्स उघडून दाखवली, मोबाईल घरी ठेवून आले म्हणाल्या, मग आत घेतलं. पहिल्या भेटीत पैशाचं बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण न बोलता बरंच दिसतं. आळीतले लोक आम्हाला आधीच सांगून मोकळे, कसले गरीब, घरात फ्रिज आहे, मोठा टीव्ही आहे. फ्रिज होता खरा. त्यात बर्फ होता मासळीसाठी आणि खालच्या कप्प्यात एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं, डायलिसिसवाल्याला रक्त कमी होतं त्याच्यासाठी लागतात, आणि ती थंड नाही ठेवली तर फुकट जातात. टीव्ही दिराने टाकून दिलेला. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू मोजणाऱ्यांना मी तेव्हापासून फार मनावर घेत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत नर्स गेली आणि खरी गोष्ट बाहेर आली. ज्या डायलिसिससाठी लोकांनी पैसे पाठवले ते महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पूर्ण मोफत मिळतं. २०२३ च्या निर्णयानंतर योजना सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू झाली, पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही चालतं, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं. मग या घराने का नाही घेतलं? कारण जुनं रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर, सासरे वारले, कार्ड दिराकडे, त्यात धाकट्या भावाचं नाव एका स्पेलिंगचं आणि आधारवर दुसऱ्या. सुनेचं नाव तर त्या कार्डावर चढलंच नव्हतं, ती अजून माहेरच्या कार्डावर, लग्नाला वीस वर्षं होत आली तरी.

नावांचा हा घोळ आमच्या लोकांत घरोघरी आहे. चर्चच्या रजिस्टरमध्ये बाप्तिस्म्याचं नाव इनास, शाळेत मास्तरांनी लिहिलं इग्नेशियस, आधार काढणाऱ्याने ऐकून तिसरंच काही टाकलं, आडनाव एका कागदावर पोर्तुगीज, एकावर नुसतं कोळी. एरवी यावर घरात हसतात. आरोग्यमित्राचा कॉम्प्युटर हसत नाही.

पुढचे दोनेक महिने काम हेच होतं, आणि यात थैलीतून जमलेला आमचा फंड जवळजवळ लागलाच नाही, लागला वेळ. आधी दिराला तयार करायचं की कार्ड वेगळं होऊ दे. त्याला वाटलं यातून घराच्या हिश्श्याचं काहीतरी निघेल. हे काम फादरनी केलं, घरी जाऊन चहा पिऊन, कसं ते त्यांनाच माहीत. मग माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, त्यासाठी बायकोला माहेरच्या गावाला दोनदा, तलाठ्याकडे चौकशी, सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, आधारमध्ये दुरुस्ती, मग पुरवठा ऑफिसला विभक्त कार्डाचा अर्ज. आज साहेब नाहीत, आज सर्व्हर डाऊन, आज झेरॉक्स एक कमी. ज्या बाईचं पोट बाजारात बसण्यावर आहे तिने या रांगेत दिवस घालवला की त्या दिवसाची विक्री गेली, म्हणून ती दोनदा अर्ध्यातून परत आली होती, आळशीपणाने नाही. आम्ही असं केलं की रांगेत रिक्षावाला किंवा मास्तर उभे राहणार, सहीची वेळ आली की बाईला फोन, रिक्षा जाऊन घेऊन येणार. तिच्या बुडलेल्या दिवसाचे पैसे फंडातून. खजिनदार म्हणाले हे कुठल्या खात्यात लिहू, मी मिनिट्समध्ये लिहिलं 'बाजार भरपाई', तेव्हापासून ते खातंच झालं.

उत्पन्नाचा दाखला कार्डाच्या आधी हातात आला आणि तोही कामाला आला. डायलिसिससाठी हाताला फिस्टुला करावा लागतो, म्हणजे छोटं ऑपरेशन करून शीर मोठी करतात, तोपर्यंत मानेत नळी आणि नळीला इन्फेक्शनची भीती. योजना चालू व्हायची थांबलो असतो तर महिना गेला असता. पण ट्रस्टच्या म्हणजे धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलत. मुंबईतल्या अशा एका हॉस्पिटलात समाजसेवा विभागात नर्स स्वतः जाऊन बसली आणि ते ऑपरेशन मोफत झालं. पुढे नवं कार्ड आलं, योजनेत नाव लागलं, डायलिसिसचा खर्च शून्य.

मग फंड कशाला, असं एका आंटीने विचारलं आणि प्रश्न बरोबर होता. कागद करून बघितलं. हॉस्पिटल योजनेतलं म्हणून जवळचं नाही, आठवड्यातून तीनदा जाणं-येणं, जाताना बस चालते पण मशीनवरून उठल्यावर बीपी उतरतं, चक्कर येते, गर्दीच्या ट्रेनने आणता येत नाही, म्हणजे रिक्षा. बाहेरून आणावी लागणारी औषधं. मुलीची फी आणि क्लास. रेशनचं धान्य सोडून डाळ, तेल, भाजी. हे सगळं मिळून जी रक्कम झाली ती जूनमध्ये आलेल्या पैशापुढे काहीच नव्हती, पण ती दर महिन्याला लागणार होती, पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्याही.

एकदाच लाख आणि महिन्याला चार-पाच हजार, यात दुसरं उभं करणं कितीतरी अवघड. लोकांना रडू येईल असा फोटो नाही, शेवटची तारीख नाही. कॉन्फरन्सने तेव्हा ठरवलं ते मला अजून पटतं : या घरासाठी एक पैसा गोळा करायचा नाही. गोळा करायचा तो फंडासाठी, पॅरिशच्या सगळ्या अडलेल्या घरांसाठी, आणि कुठलं घर हे सात माणसांच्या बाहेर जाणार नाही.

आता पैसे कुठून. लकी ड्रॉची तिकिटं काढूया अशी सूचना लगेच आली, खजिनदारांनी लगेच मोडली, परवानगीशिवाय लॉटरी काढली तर फंडाच्या आधी पोलीस स्टेशन. मग रद्दी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर गेटवर टेम्पो उभा, लोकांनी पेपर, पुठ्ठे, वह्या आणून टाकायच्या. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जे लोक शंभर रुपये काढताना विचार करतात ते रद्दी आनंदाने देतात आणि दर महिन्याला देतात. मला विचाराल तर ज्या पॅरिशला काहीच जमत नाही तिने रद्दीपासून सुरुवात करावी.

ऑक्टोबरात आगेरा, पीक घरात येतं त्याचा सण, भाताच्या लोंब्या घेऊन मिस्सेला येतात. शेतवाड्या कमी झाल्यात तरी लोक काही ना काही आणतातच, भोपळे, दुधी, केळीचे घड, एकाने जिवंत कोंबडा. मिस्सेनंतर अंगणात लिलाव केला. रिक्षावाला बोली बोलायला उभा, याचा आवाज वाया चालला होता इतकी वर्षं. एक साधा दुधी तिघा भावांच्या इरेसरीत बाराशेला गेला, कोंबडा दोनदा विकला कारण घेणाऱ्याने परत लिलावाला दिला. नोव्हेंबरात गरिबांचा जागतिक दिन येतो, पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून सुरू केलेला, त्या रविवारी मिस्सेत दानासाठी फिरते ती दुसरी थैली फादरनी फंडाला दिली. नाताळच्या आधी महिला मंडळाचा स्टॉल, फुग्या, इंदेल, आणि राजेळी केळ्यांची वाळवलेली सुकेळी जी वसईबाहेरचे पाहुणे सोन्याच्या भावाने घेऊन जातात. हौजीवरून पुन्हा वाद, मास्तरांच्या मते तोही जुगार, शेवटी हौजी झालीच नाही आणि तरुण मंडळी थोडी नाराज. ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरोघर पुठ्ठ्याच्या पेट्या, शुक्रवारी मासे-मटण नाही तर त्याचे पैसे पेटीत. कोळीवाड्यातल्या पेट्या सगळ्यात जड आल्या. का ते मला सांगता येणार नाही, पण खजिनदारांनी दोनदा मोजल्या.

पैसे घ्यायचे फक्त संस्थेच्या खात्यात, क्यूआर कोड त्याच खात्याचा, रोख असेल तर पावती. गल्फमधल्या एका भावाने ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं, विचारलं, त्याला सांगितलं की रोखीने २००० च्या वर दिलं तर सवलत बसत नाही, खात्यात पाठव. दर महिन्याला नोटीस बोर्डवर एक कागद : जमा किती, खर्च किती, किती घरांना, कशावर. नावं नाहीत. पहिले दोन महिने लोक कागदासमोर उभे राहून अंदाज बांधायचे हे कुणाच्या घरचं. मग कंटाळले.

जूनमधल्या त्या पोराला मास्तर स्वतः जाऊन भेटले. तो आता टेम्पो चालवतो, रद्दीचा. त्याच्याकडे गल्फ-जहाजवाल्यांचे नंबर होते, त्यांनाच त्याने संस्थेचा क्यूआर पाठवला आणि महिन्याला ठरावीक रक्कम द्याल का विचारलं. जूनमध्ये ज्यांनी पाच-पाच हजार एकदम दिले होते त्यातले थोडेच तयार झाले, दोनशे-तीनशेवर, पण ते अजून देतायत.

एक वाद मात्र मिटलेला नाही. फंडातून मदत जाते त्यातली दोन घरं कॅथलिक नाहीत, एक वाडीवर काम करणारं आदिवासी कुटुंब, एक भाड्याने राहणारं. पॅरिशमधले काही जण म्हणतात आधी आपले. संस्थेचा नियम स्पष्ट आहे, धर्म विचारायचा नाही, आणि ओझानामनेही पॅरिसमध्ये सर्टिफिकेट मागितलं नव्हतं, पण नियम वाचून दाखवला की वाद थांबतो आणि बाहेर गेटवर परत सुरू होतो. लिलावात दुधी घेणाऱ्यांतला एक पुढच्या वर्षी येणार नाही म्हणतो. नको येऊ दे.

आणि कर्ज. फंडातून कर्ज फेडायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. बोटमालकाशी नवऱ्यानेच बोलून घेतलं, मुलगा मोठा झाल्यावर बघू म्हणाला, मास्तरांना ते अजिबात आवडलं नाही, नववीतल्या पोराला उचलीवर बांधणं आहे हे, आणि मालकाला तसं सांगून आले. गटाच्या कर्जाचे हप्ते लांबवून मिळाले, त्यासाठी खजिनदारांची बँकेतली भाषा उपयोगी पडली. सावकारी आमच्याकडे जुनं दुखणं आहे, १९१८ मध्ये बॅसीन कॅथलिक पतसंस्था, आजची बँक, निघाली तीच लोकांना आपसात कर्ज मिळावं म्हणून, तरी शंभर वर्षांनंतरही आळीत एक जण वहीवर पैसे देतोच, दारात आलेला तिसरा तोच. तो विनापरवाना. २०१४ च्या सावकारी कायद्याने तो गुन्हा आहे, सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते, नर्सने अर्जही लिहून आणला. बाईने सही केली नाही. तो माणूस तिच्या घरापासून चार घरं पुढे राहतो, त्याची बायको तिच्या शेजारी बाजारात बसते. अर्ज माझ्या फाइलमध्ये आहे.

तिने उलट वेगळंच मागितलं. हंगामात ओले बोंबील स्वस्त असताना घेऊन वाळवायला भांडवल, म्हणजे पावसाळ्यात दुपटीने विकता येतील आणि सावकाराचं ती स्वतः फेडेल. खजिनदार म्हणाले आपण बँक नाही. आंट्या म्हणाल्या मग जन्मभर डाळ-तेलच देत राहायचं का. दोन मीटिंगा याच्यात गेल्या. शेवटी बिनव्याजी द्यायचं, परतफेड महिन्याला पाचशे, जमली नाही तर वसुली नाही, असं ठरलं आणि खजिनदारांनी विरोधात मत नोंदवायला लावलं, ते मी नोंदवलं. दोन हप्ते वेळेवर आले. तिसऱ्या महिन्यात अवकाळी पाऊस झाला, वाळवायच्या वलांड्यांवरचे बोंबील भिजून काळे पडले, ते कुट्याच्या, म्हणजे टाकाऊ मासळीच्या, भावाने द्यावे लागले. ती हप्ता घेऊन आलीच होती, दोनशे कमी होते. खजिनदारांनी तीनशेची पावती फाडली, उरलेले पुढच्या महिन्यात लिहिले, आणि आंटींना विचारलं की अजून थोडं भांडवल लागेल का तिला. मीटिंग पुढच्या मंगळवारी आहे.